काळ्यावर काळं

रोझ सिम्पसन या शिल्पकार बाईंनी २०१४ साली १९८५ची एक शेवरोले एल कॅमिनो गाडी रंगवली. चकाकत्या काळ्या अंगावर मंद काळी नक्षी. गाडीचं नाव ठेवलं 'मारिया'. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मडक्यांचा विषय निघाला की या नावाला आडनाव जोडावं लागत नाही.

मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) सान इल्देफोन्सोच्या. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात आणि आसपास मूळ रहिवाशांची अशी एकोणीस 'प्वेब्लो' गावं आहेत. मारियांनी आणि त्यांचे पती हुलियान यांनी १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली. भांडं मारियांनी घडवायचं, नक्षी हुलियान यांनी रेखायची. त्यात शिंगवाला पाण्याचा नाग असे, पिसांची वर्तुळं असत. आज याला 'परंपरा' म्हणतात. तेव्हा ती चक्क नवी गोष्ट होती.

मडकं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी चाक फिरतं. इथे चाक नाहीच. माती खणण्याआधी प्रार्थना होते, कारण ती आई मानलेली. मग ती भिजवायची, गाळायची, तिच्यात राखेसारखी ज्वालामुखीची भुकटी मिसळायची. अकोमा गावात त्याऐवजी जुन्या खापऱ्या वाटून घालतात. हातानं वळलेल्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि भोपळ्याच्या सुक्या कवचानं भिंत खरवडून पातळ करायची.

खरी कसोटी घोटण्याची. सुकलेल्या भांड्यावर पातळ मातीचा हात फिरवायचा आणि तो ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासत सुटायचं. मध्येच थांबलात आणि लेप वाळला, तर तो काढून पुन्हा पहिल्यापासून. हे गोटे आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येतात. ही झळाळी ग्लेझची नव्हे, निव्वळ घासण्याची. नक्षी या घोटलेल्या अंगावर मातीच्याच पातळ लेपानं काढतात. तेवढा भाग मंद राहतो.

भाजणं उघड्यावरच, गोवऱ्यांच्या जाळात. भांड्यांना काळं करायचं असेल तर शेवटी जाळावर घोड्याची कुटलेली लीद ढिगानं ओतून तो कोंडतात. हवा तुटली की मातीतल्या लोखंडाचा लाल रंग जातो, धुरातला कार्बन अंगात मुरतो. लीद टाकली नसती तर तेच भांडं लाल निघालं असतं. वाऱ्याची एक झुळूक किंवा मातीत अडकलेला हवेचा बुडबुडाही कित्येक दिवसांची मेहनत तडकवू शकतो.

बाजाराला सही हवी होती, म्हणून मारिया सही करू लागल्या. पुढे शेजारणींच्या भांड्यांवरही आपलं नाव घालून देऊ लागल्या, त्यांनाही भाव मिळावा म्हणून. संग्राहकांना ही लबाडी वाटेल. मला ती गावकी वाटते.

आज या भांड्यांना गॅलऱ्यांत मोठ्या किमती येतात, आणि सांता फेत १९२२पासून भरणाऱ्या बाजारासाठी दर ऑगस्टला लांबून लोक येतात. आणि 'हे अस्सल आहे का?' हा प्रश्न तिथेही सुटत नाही. दिएगो रोमेरो वाडग्यांवर कॉमिकची चित्रं काढतात, त्यातले नायक दारू पितात, गाडी ठोकतात. कोचिती गावच्या हेलन कॉर्डेरोंनी १९६४ साली अंगाखांद्यावर पोरं घेऊन गोष्ट सांगणारा म्हातारा घडवला. ते त्यांचे गोष्टीवेल्हाळ आजोबा होते. आता तसे 'कथेकरी' अनेक गावांतून निघतात.

त्याच कोचितीचे व्हर्जिल ऑर्टिझ प्वेब्लो लोकांनी १६८०मध्ये स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या उठावाची गोष्ट थेट २१८०पर्यंत नेतात. मुखवटे, चिलखतं, अंगभर गोंदलेली काळी नक्षी, आणि हे सगळं मातीत. फॅशनेबल दिखाऊपणा म्हणून कुणी नाक मुरडेल. पण एकोणिसाव्या शतकात कोचितीचे कुंभार सर्कसवाले, पाद्री, व्यापारी यांच्या मातीच्या टिंगलमूर्ती घडवत होते, आणि ज्यांची टिंगल चालली होती त्यांच्यासारखेच लोक त्या विकत नेत होते.