न खाणाऱ्याचा कौल

आठ जणांचे कुटुंब रविवारी संध्याकाळी बाहेर खायला निघते. सात जणांचे कोठेही चालते. एकट्या आजींचे चालत नाही. अशा वेळी उपाहारगृह कोण निवडते? सातांचे बहुमत निवडत नाही. आजींना जेथे निःशंकपणे बसता येईल, तेथेच सारे जातात आणि आठही जणांचे पैसे त्याच गल्ल्यात पडतात. खाद्यव्यवसायातील हे साधे सत्य ज्याला उमगले, त्याला भारतीय बाजारपेठेची किल्ली सापडली. मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन साखळीचा भारतातील प्रवास या दृष्टीने व्यापारी कुटुंबांनी अभ्यासण्याजोगा आहे.

ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहार भागात या साखळीची भारतातील पहिली शाखा उघडली. जगभर ज्या गोमांसाच्या बर्गरवर तिचे नाव उभे होते, तोच पदार्थ येथे तिने ठेवला नाही. डुकराचे मांसही वर्ज्य केले. त्याऐवजी पावात बटाट्याची टिक्की आली आणि पुढे हीच ‘आलू टिक्की’ तिची भारतातील ओळख ठरली. मेयोनेज अंड्याविना तयार करण्यात आले. स्वयंपाकघराचे शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन भाग केले गेले. भांडी, उपकरणे वेगळी, आणि शाकाहारी विभागातील सेवकांना हिरवे अॅप्रन. हा सारा खटाटोप मांसाहार करणाऱ्या ग्राहकासाठी नव्हता. तो त्या एकट्या आजींसाठी होता.

दुकान उघडण्यापूर्वीची तयारी तर याहून मोठी होती. तीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. बर्गरमध्ये घालायची लेट्यूसची पाने तळेगावच्या शेतांतून, चीज बारामतीच्या दुग्धप्रकल्पातून आणि टिक्क्या तळोज्याच्या कारखान्यातून येऊ लागल्या. शेतापासून दुकानापर्यंत माल थंड राखणारी वाहतूक उभारण्यात वर्षे गेली. आधी पुरवठा, मग पाटी, हा क्रम जुन्या पेढ्यांना नवा वाटणार नाही.

तरीही ग्राहक लगेच गर्दी करून आला नाही. भारतीय माणसाच्या लेखी बर्गर म्हणजे जेवण नव्हे, नाश्ता. पोट भरायला पोळी-भाजी किंवा वरण-भातच हवा. शिवाय तो एकटा क्वचितच येतो. मित्रमंडळींसह येतो, एकाचे दोघांत वाटून खातो, गारव्यात तासभर बसतो. अशा ग्राहकाला महाग पदार्थ विकणे अवघड. २००४ मध्ये कंपनीने वीस रुपयांपासूनची यादी जाहीर केली आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही सहज आत शिरू लागला. वीस रुपयांच्या पदार्थावर नफा थोडाच. परंतु उंबरठा ओलांडलेला ग्राहक पुढे कुटुंबासह परत येतो, हे गणित त्यामागे होते.

स्वस्ताईने ग्राहक आणला, तरी त्याला टिकवणारी वस्तू विश्वास होती. तो किती नाजूक असतो, हे २००१ मध्ये दिसले. या कंपनीने १९९० मध्ये अमेरिकेत आपले तळलेले बटाट्याचे काप केवळ वनस्पती तेलात तळले जातील असे जाहीर केले होते. अनेक शाकाहारी मंडळी त्या भरवशावर ते खात राहिली. प्रत्यक्षात त्यांच्या ‘नैसर्गिक स्वादा’त गोमांसाचा अर्क होता. सिअॅटल येथे दावा दाखल झाला, मुंबई परिसरातही निदर्शने झाली. भारतातील काप असल्या अर्कापासून मुक्त असल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला. अमेरिकेत तिने माफी मागितली आणि २००२ मध्ये शाकाहारी, धार्मिक व अन्य संस्थांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तेल खरोखरच वनस्पतीचे होते. खोटे बोलले गेले नव्हते, पण पूर्ण खरेही सांगितले गेले नव्हते. ज्याच्यासाठी अन्न हा व्रताचा विषय आहे, त्याच्या लेखी या दोहोंत फरक उरत नाही.

आज पश्चिम व दक्षिण भारतात या साखळीच्या चारशेहून अधिक शाखा आहेत. परंतु शाखांची संख्या हा फसवा आकडा असतो. नव्या दुकानांमुळे उलाढाल वाढलेली दिसते. खरी परीक्षा जुन्या दुकानात तोच ग्राहक परततो की नाही, ही. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत याच भागात जुन्या शाखांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत घटली होती. महागाईने हात आखडला की घराबाहेरचा नाश्ता कुटुंबाच्या खर्चातून आधी वगळला जातो. तीन-चार दुकाने चालवणाऱ्या व्यापाऱ्यानेही एकूण गल्ल्यावर समाधान न मानता प्रत्येक जुन्या दुकानाची वही वेगळी तपासावी, हा यातील धडा.

आणि एक आजी अजूनही या दुकानाच्या बाहेरच उभ्या आहेत. शाकाहारासाठी एवढी धडपड करणाऱ्या साखळीचा मुख्य आधार बटाटा. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन कुटुंबाला तो चालत नाही. हिरवे अॅप्रन पाहून त्यांचे समाधान होत नाही आणि त्यांच्यासोबतचे सात जणही मग दुसरीकडे वळतात.

ते कोठे वळतात, याचे उत्तर मुंबईच्या पावभाजीवाल्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. कांदा-लसूण नाही, बटाट्याच्या जागी कच्चे केळे, आणि पाटीवर दोन शब्द: ‘जैन पावभाजी’. दारातून कोण परत जातो आणि का, एवढेच त्यांनी निरखून पाहिले. विकत घेणाऱ्यांची नोंद प्रत्येक दुकानात होते. न घेता परतणाऱ्याची नोंद ठेवणारे दुकानदार मात्र थोडेच असतात.