मेडलची नोंद

नागपुरात आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार क्लार्क राहतात. फौजेत क्लार्कला बाबू म्हणायची रीत, त्यामुळे जिल्ह्यातले माजी सैनिक त्यांना बाबूजी म्हणतात. रविवारी सकाळी त्यांच्या छपरीत काटोल, कुही, उमरेड, रामटेककडची माणसं येऊन बसतात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची थैली आणि थैलीत डिस्चार्ज बुक. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या बायकोचं नाव चुकलेलं. यातली काही माणसं मात्र एकाच गोष्टीसाठी येतात. लढाईचं मेडल हक्काचं होतं, पण ते कागदावर आलंच नाही.

माझे मामा यातलेच. १९६८ साली भरती, १९८५ साली घरी. ते ड्रायव्हर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकातल्या मेडलच्या रकान्यात दोनच नोंदी आहेत : स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. १९७१ ची लढाई त्या रकान्यात नाही. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाला मामा छातीवर दोन मेडलं लावून उभे राहतात आणि त्यांच्यानंतर भरती झालेल्यांच्या छातीवर पाच-सहा असतात. मी एकदा विचारलं, “मामा, या मेडलचे पैसे मिळतात का?”

“पैसा कायचा भेटते? मले पैसा नाही पाहिजे. पण मी तिथं होतो का नव्हतो, हे तं सरकारच्या कागदावर पाहिजे ना बापू.”

मामांचं म्हणणं बरोबर होतं. मेडलचे दोन प्रकार आहेत. शौर्याच्या मेडलला मासिक भत्ता असतो. ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला २० हजार, महावीर चक्राला १० हजार, वीर चक्राला ७ हजार आणि शौर्यासाठी दिलेल्या सेना मेडलला २ हजार रुपये, आणि जवानाच्या पश्चात तो त्याच्या पत्नीला मिळतो. अशा मेडलची नोंद पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओत नसेल तर दर महिन्याला घराचं नुकसान होतं. पण शौर्याचं मेडल राजपत्रात छापून येतं, त्यामुळे ते शोधायला सोपं. दुसरा प्रकार सेवा मेडलांचा. यांना भत्ता नाही, राजपत्रात नावनिशी छपाई नाही. अमुक काळात, अमुक ठिकाणी नोकरी केली एवढाच त्यांचा अर्थ. ही मेडलं हजारोंना एकदम मिळतात, म्हणून एखादा सुटला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

बाबूजींची पद्धत मी जवळून पाहिली. समोरचा माणूस लढाईची गोष्ट सांगायला लागतो. बाबूजी थोडा वेळ ऐकतात, मग कोरा कागद काढून तीन उभ्या रेघा मारतात. पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात पलटण, तिसऱ्यात जागा. भरतीच्या दिवसापासून घरी येण्याच्या दिवसापर्यंत सगळी नोकरी ते या कागदावर उतरवतात आणि शेजारी मेडलं मांडतात. ५ ऑगस्ट १९६५ ला नोकरीत होता आणि १८० दिवस भरले होते? मग रक्षा मेडल. पासष्टच्या लढाईत प्रत्यक्ष आघाडीवर होता? मग समर सेवा स्टारही. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात नोकरी आहे? संग्राम मेडल. पूर्वेच्या आघाडीवर असेल तर पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर असेल तर पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत होता तर पंचवीस वर्षांचं मेडल, १५ ऑगस्ट १९९७ ला असेल तर पन्नास वर्षांचं. सेवेची नऊ, वीस, तीस वर्षं भरली की त्यांची वेगळी. सैन्य सेवा मेडल असेल तर त्यावर कुठला क्लास्प, म्हणजे भागाच्या नावाची पट्टी, जम्मू-काश्मीर, हिमालय की बंगाल-आसाम, हेही ते विचारतात, कारण मेडल लिहिलेलं आणि क्लास्प राहिलेला अशी डिस्चार्ज बुकं त्यांच्याकडे बरीच येतात.

मामांचा तक्ता तयार झाला तेव्हा दोन जागा उघड्या पडल्या : संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार. संग्राम मेडलचा प्रश्न सरळ होता, मामा त्या काळात नोकरीतच होते. पूर्वी स्टारचं अवघड होतं. मामांची पलटण त्या वेळी दुसरीकडे होती. मामांना गाडीसकट दुसऱ्या युनिटला अटॅच करून आगरतळ्याच्या बाजूला पाठवलं होतं. मामा तिथल्या चिखलात फसलेल्या गाड्यांबद्दल सांगू लागले. बाबूजींनी हात वर केला.

“गाडी कशी काढली ते राहू द्या. त्या महिन्यात रेशन कोणाचं खात होते?”

मामांनी युनिटचं नाव सांगितलं. बाबूजींनी ते मधल्या रकान्यात लिहिलं आणि मला म्हणाले, “इथंच गडबड झाली आहे.”

सैनिकाच्या नोकरीतली प्रत्येक घटना, म्हणजे बदली, सुट्टी, बढती, लग्न, मूल, इस्पितळ, मेडल, ही ज्या आदेशात छापली जाते त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. युनिट तो काढतं, तो रेकॉर्ड ऑफिसात जातो आणि तिथे त्या माणसाच्या शीट रोलमध्ये चढतो. डिस्चार्ज बुक हा त्या शीट रोलचा सारांश. त्यामुळे पार्ट टू ऑर्डर निघालाच नाही तर पुढे कुठेच काही उमटत नाही. सेवा मेडलची यादी करायची असते युनिटने. मामांच्या पलटणीला वाटलं, अटॅच केलेलं युनिट नाव पाठवेल. त्या युनिटने यादी केली तोवर मामा आपल्या पलटणीत परतले होते. दोन्ही याद्यांत नाव नाही. पुढे बदल्या होत गेल्या. मामा तेव्हा विशी-बाविशीचे, त्यांनीही विचारलं नाही.

बाबूजींच्या मते राहिलेली बहुतेक मेडलं अशाच जागी राहतात : अटॅचमेंट, इस्पितळात काढलेले महिने, एका कोअरमधून दुसऱ्या कोअरमध्ये बदली, प्रादेशिक सेनेतून काही काळासाठी झालेली बोलावणी. जो पलटणीबरोबर सलग राहिला त्याचं सहसा चुकत नाही.

शोध कुठे घ्यायचा हे रेजिमेंटवर ठरतं. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीला, म्हणजे नागपूरकरांच्या दारात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. सैनिक क्रमांकावरूनही रेजिमेंट कळते : मराठ्यांचे क्रमांक २७ ने सुरू होतात, महारांचे ४५ ने. क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. ते अर्जात गाळू नका, असं बाबूजी प्रत्येकाला बजावतात.

विदर्भातल्या जुन्या सैनिकांची एक अडचण इतरांना नसते. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. पंचावन्न साली भरती झालेल्याच्या शीट रोलवर राज्य ‘मध्य प्रदेश’ असतं. चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ साली त्यातून गडचिरोली निघालं, १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया. गाव तेच, माणूस तोच, पण कागदावरचा पत्ता आधारशी जुळत नाही. त्यात नावांची भर. भरती केंद्रावर हिंदी किंवा पंजाबी क्लार्क कानाला ऐकू आलं तसं लिही. आडनाव गळालेलं, वडिलांचं नावच आडनाव झालेलं, मेश्रामचं मेशराम झालेलं. ज्याचं नाव जुळत नाही त्याला बाबूजी आधी नाव दुरुस्त करायला लावतात, मेडलचा अर्ज नंतर.

मामांचा अर्ज मी लिहिला होता. पहिल्याच परिच्छेदात मातृभूमी होती, रक्त होतं, विसरलेला शूर जवान होता. बाबूजींनी तो सगळा परिच्छेद तिरप्या रेघेने खोडला. खाली उरलं ते असं : क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, मागितलेली मेडलं, अटॅचमेंटचा काळ, त्या युनिटचं नाव, सोबत जोडलेले कागद. एक पान. “वाचणारा क्लार्क आहे,” ते म्हणाले. “त्याला तुमचं शौर्य ठरवायचा अधिकार नाही. तारीख जुळवायचा आहे. त्याला तारीख द्या.”

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून रजिस्टर पोस्टाने गेला. पहिले काही महिने उत्तर आलं नाही. तेव्हा बाबूजींनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला सांगितला, आणि तोही कसा लिहायचा ते सांगितलं. ‘माझं मेडल का दिलं नाही’ असं विचारलं की उत्तर गोलमाल येतं. ‘माझ्या शीट रोलमधल्या १९७१ आणि १९७२ च्या पार्ट टू ऑर्डरच्या नोंदींची प्रत द्या’ असं मागितलं की प्रत द्यावी लागते. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रत आली. त्यात अटॅचमेंटवर पाठवल्याची नोंद होती, परत आल्याची होती, मेडलची नव्हती. पुढे रेकॉर्ड ऑफिसने संग्राम मेडल मान्य केल्याचं कळवलं आणि पूर्वी स्टारसाठी आघाडीच्या भागात असल्याचा पुरावा मागितला.

पुरावा मामीच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. लसीकरणाची कार्डं आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली मामांनी आपल्या वडिलांना धाडलेलं एक आंतर्देशीय पत्र होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्या युनिटचं नाव आणि ‘मार्फत ९९ एपीओ’. पूर्वेकडच्या तुकड्यांची टपाल ९९ एपीओच्या, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या, पत्त्यावर चालते, पश्चिम आणि उत्तरेची ५६ एपीओच्या. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि डिसेंबर १९७१ ची तारीख असलेला ठसा. पत्रात लढाईचा एक शब्द नाही, कारण तसं लिहायला मनाई होती. कापसाला काय भाव आला, धाकट्या बैलाचा पाय बरा झाला का, एवढंच. त्या पत्राची साक्षांकित प्रत, त्याच युनिटमधल्या एका निवृत्त नायकाचं प्रतिज्ञापत्र आणि शीट रोलमधली अटॅचमेंटची तारीख एकत्र गेली. पूर्वी स्टारही मंजूर झाला. नोंदीचा पार्ट टू ऑर्डर निघाला, त्याची प्रत घरी आली. मेडल हातात पडायला मात्र वेळ लागतो. मध्यंतरी लाखांच्या घरात मेडलांची थकबाकी साचली होती आणि जवान बाजारातून विकत घेऊन लावत होते. मामा म्हणाले, मेडल येईल तेव्हा येईल, ऑर्डर आली.

सगळ्यांचं असं होत नाही. बाबूजींच्या छपरीत मी एका गृहस्थांना रिकाम्या हाताने परतताना पाहिलं. ते पासष्टच्या धामधुमीत भरती झाले आणि पेन्शनची पंधरा वर्षं भरायच्या आतच घरी आले. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, लाँग रोल तेवढा कायम ठेवतात. त्यात माणूस नोकरीत होता हे कळतं, कुठे होता ते नाही. त्यांच्याकडे ना पत्र, ना फोटो, ना हयात सोबती. एक दुसरे कारगिलचे. ऑपरेशन विजय स्टार मागत होते. तक्ता मांडल्यावर दिसलं की त्यांची तुकडी स्टारसाठी ठरलेल्या भागात नव्हती, पण त्या काळात तैनात होती. बाबूजींनी त्यांना ऑपरेशन विजय मेडलचा अर्ज करायला सांगितला. ते नाराज झाले, पण रेघांच्या कागदावर वाद घालायला जागा नव्हती.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण तिथेही हेच कागद लागतात. बाबूजींचा अनुभव असा की ज्याच्याकडे तारीख आणि युनिट आहे त्याला सहसा तिथवर जावं लागत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला तिथे जाऊनही फार काही मिळत नाही.

या कामात शौर्य सिद्ध करायचं नसतं, हजेरी सिद्ध करायची असते. घरात माजी सैनिक असेल तर त्यांच्याजवळ बसून डिस्चार्ज बुकातला मेडलचा रकाना आजच वाचा. त्यांच्याकडून तारखा, युनिट आणि जागा कागदावर उतरवून घ्या. जुनी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, इस्पितळाच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका, त्यावर मग शिक्का मारता येत नाही. त्यात स्वतःच्या पेनाने एक अक्षरही लिहू नका. आणि त्यांच्याबरोबर त्या जागी कोण होतं ते विचारून त्या माणसाचा फोन नंबर मिळवा. एकाहत्तरला लढलेल्या सगळ्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. साक्षीदार हयात आहेत तोवरच हा अर्ज करा.