मानसोपचार कक्षात बाईमाणसाला ठेवायचं कसं?

‘तिथं पुरुष पेशंटही असतात, आपल्या बाईमाणसाला कसं ठेवायचं?’ मानसिक आजार झालेल्या स्त्रीला भरती करायची वेळ आली, की बीडकडच्या घरांत हा प्रश्न निघतोच. काळजी खरी आहे. पण या काळजीपायी उपचार लांबतात, आजार मुरतो.

सगळ्यांना एकत्र कोंबतात, हा पहिला गैरसमज. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली जुनी मनोरुग्णालयं इंग्रजी अमलातली. तिथं स्त्रियांचे आणि पुरुषांचे विभाग वेगळे. मराठवाड्यात मात्र निजामाच्या काळात मनोरुग्णालय जालन्याला होतं. 1953मध्ये ते हैदराबादला हललं आणि मराठवाड्यातल्या रुग्णांना उपचारासाठी लांबची वाट धरावी लागली.

एकत्र कक्षांचा प्रयोग इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. 1950च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली, कक्षांची कुलपं निघू लागली. चारचौघांत राहिलं की माणूस लवकर सावरतो, अशी त्यामागची धारणा. पुढं स्त्री रुग्णांनी छेडछाडीच्या तक्रारी केल्या आणि झोपायच्या जागा, न्हाणीघरं पुन्हा वेगळी करावी लागली. मला हा निर्णय योग्यच वाटतो. दिवसा जेवण, काम, गप्पा एकत्र होऊ शकतात. रात्रीची जागा मात्र वेगळीच हवी.

दुसरा गैरसमज अधिक घातक: मानसोपचार कक्षातल्या सिस्टर-ब्रदरचं काम म्हणजे रुग्णाला धरणं, बांधणं, सुई टोचणं. खरं काम डोळ्यांचं आणि कानांचं असतं. रात्री झोप लागली का, गोळी गिळली की गालात दाबून ठेवली, लिथियम हे औषध घेणाऱ्याचे हात जास्त थरथरतात का, गप्प बसलेल्या बाईच्या मनात जीव देण्याचा विचार तर नाही ना, हे आधी त्यांनाच कळतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला साखळदंडानं बांधायला पूर्ण बंदी आहे. शिक्षा म्हणून कोणतंही बंधन घालता येत नाही. अल्पवयीन मुलीसोबत राहणारा नातेवाईक पुरुष असेल, तर एक स्त्री सोबतीण सतत तिच्याजवळ राहिलीच पाहिजे.

शॉकची भीतीही जुनीच. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं याच कायद्यानं बंद केलं आहे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात असो वा दुसरीकडं, भरती करताना बिनधास्त विचारा: बायकांची झोपायची जागा वेगळी आहे का? रात्रपाळीला सिस्टर असते का? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आधी फोनवर बोलायचं असेल, तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.