दाबाची हवा आणि इंजिनाचा ब्लॉक

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर इंजिन हें आतां घरांतल्या भांड्याइतकें ओळखीचें झालें आहे. मुंबईहून मोटारी घेऊन मांडव्यास येणारी रो-रो बोट २०२० सालच्या मार्चमध्यें सुरू झाली. रेवदंडा, मुरूड येथील मच्छीमारांच्या होड्या इंजिनाच्या बळावरच समुद्रांत जातात, आणि माणगांवाहून पुण्यास निघालेल्या मोटारींना ताम्हिणी घाट चढावा लागतो. अशा मुलखांत मेस्त्र्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास निघतो. टर्बो बसवून इंजिनाची शक्ति वाढवावयाची आणि तें पुष्कळ वर्षें टिकवावयाचें, तर त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असावा कीं अॅल्युमिनियमचा? हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. घाटांत इंजिन बसलें तर मोटार कडेला उभी राहते. भर समुद्रांत, वारा उठला असतां तें बसलें, तर माणसांच्या जिवाशीं गांठ पडते.

टर्बो काय करतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. साध्या इंजिनांत दट्ट्या खालीं उतरला कीं बाहेरची हवा वातावरणाच्या दाबानें आंत शिरते. टर्बोमध्यें बाहेर पडणाऱ्या गरम धुरानें एक चक्र फिरतें आणि त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र हवा दाबून सिलिंडरांत भरतें. लोहारानें भाता जोरानें चालविला कीं भट्टी फुलते, तसेंच हें आहे. स्वित्झर्लंडमधील इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. वातावरणाच्या दाबावर तेवढाच आणखी दाब चढविला, तर जवळजवळ दुप्पट हवा आंत जाते व त्या मानानें जास्त इंधन जळतें. शक्ति वाढते ती यामुळें. परंतु सिलिंडरांतील दाब आणि उष्णता हींहि वाढतात, आणि हा सारा बोजा ब्लॉकवर पडतो. सिलिंडर गोल राखणें, दाब सोसणें आणि उष्णता पाण्याच्या स्वाधीन करणें, हीं ब्लॉकचीं तीन कामें होत.

या कामांत दोन्ही धातूंचे गुण निरनिराळे आहेत. एक घन सेंटिमीटर ओतीव लोखंडाचें वजन सुमारें ७.२ ग्रॅम, तर अॅल्युमिनियमचें २.७ ग्रॅम भरतें. अॅल्युमिनियमचा मिश्रधातु उष्णताहि लोखंडाच्या सुमारें तिप्पट वेगानें वाहून नेतो. उलट तापल्यावर तो लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, दाबाखालीं अधिक वांकतो, आणि २०० अंश सेंटिग्रेडच्या पुढें त्याची ताकद झपाट्यानें उतरते. एकदां फार तापलेल्या ब्लॉकचें पाणी उतरतें, तें पुन्हां चढत नाहीं.

मग दाबाच्या हवेला अॅल्युमिनियम अजिबात चालत नाहीं कीं काय? इतिहास तसें सांगत नाहीं. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या इंजिनाची पेटी अॅल्युमिनियमची होती, मात्र तींतील सिलिंडर लोखंडाचे होते. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांत बसविलेलें रोल्स-रॉइस मर्लिन हें २७ लिटरचें इंजिन दाबाच्या हवेवरच चाले. त्याचा ब्लॉक अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असे, पण आंत पोलादी लायनर बसविलेले असत. सुमारें १,००० अश्वशक्तीपासून सुरुवात करून या इंजिनानें अखेरीस २,०००चा पल्ला गांठला. अर्थात् ठराविक तासांनीं तें उघडून तपासलें जाई, हेंहि विसरतां येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतील शेव्हरोलेट व्हेगा या १९७० सालीं आलेल्या मोटारीचें आहे. तिच्या इंजिनाला टर्बो नव्हता. तरीहि ब्लॉकमध्यें लोखंडी लायनर नाहींत आणि सिलिंडरांच्या वरच्या कडा मोकळ्या, अशी रचना असल्यामुळें इंजिन तापलें कीं सिलिंडर वांकडे होत आणि तेल जळूं लागे. दोष धातूचा थोडा आणि मांडणीचा फार, हाच बोध या दोन उदाहरणांतून निघतो.

म्हणून अॅल्युमिनियमचा ब्लॉक निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, वरचा पृष्ठभाग. सिलिंडरांभोंवतीं पाण्याची खांच वरून उघडी असेल, तर दाबाखालीं सिलिंडरांचीं तोंडें हलतात व हेडची गॅस्केट जाते. हा भाग बंद असून पाण्यापुरतीं भोंकेंच ठेवलेलीं असावीं. दुसरी, आंतील लायनर. दट्ट्याच्या कड्यांचें घर्षण लोखंडी लायनर वर्षानुवर्षें सोसतो. तिसरी गोष्ट पाणी, आणि किनाऱ्यावर बहुधा हिच्याकडेच दुर्लक्ष होतें. समुद्राजवळच्या पुष्कळ विहिरींचें पाणी मचूळ असतें. तें रेडिएटरमध्यें ओतलें, तर त्यांतील मीठ अॅल्युमिनियमवरचा संरक्षक पापुद्रा फोडून बारीक खड्डे पाडतें. शुद्ध पाणी व कारखान्यानें सांगितलेला कूलंट, एवढाच त्यावर उपाय.

या अटी पाळल्या, तर रस्त्यावरच्या मोटारीस अॅल्युमिनियम खुशाल घ्यावें. महिंद्र कंपनीनें २०२२ सालीं स्कॉर्पिओ क्लासिक मोटारीस टर्बो असलेलें डिझेल इंजिन दिलें, तें संपूर्ण अॅल्युमिनियमचें असून पूर्वीच्या इंजिनाहून ५५ किलो हलकें असल्याचें कंपनीनें जाहीर केलें. घाट चढतांना एवढा भार कमी होणें हा लहान लाभ नव्हे.

मोठ्या मच्छीमार बोटीचा हिशेब निराळा आहे. तेथें इंजिन तासन् तास एकसारख्या भारानें चालतें, वजन तळाशीं असल्यानें तें फारसें आड येत नाहीं, आणि भोंवतीं सारें खारें पाणी. अशा ठिकाणीं जाड ओतीव लोखंडाचा ब्लॉकच सोयीचा. झिजलेलें बोअर पुन्हां कांतून घेतां येतें, आणि कोल्हापूरकडच्या ओतशाळांमुळें लोखंडाच्या ओतकामाचे जाणकार महाराष्ट्रांतच आहेत. लहान होडीच्या मागें टांगलेलें इंजिन मात्र उचलण्यासाठीं हलकेंच हवें, म्हणून तें अॅल्युमिनियमचें असतें. त्याला जस्ताचे तुकडे लावलेले असतात. खारें पाणी आधीं त्यांना खातें व इंजिन वांचतें. ते तुकडे वेळेवर बदलणें आणि परतल्यावर इंजिनांतून गोडें पाणी खेळविणें, हा त्याच्या आयुष्याचा विमाच होय.

राहतां राहिला हवेचा दाब. सिलिंडरांत इंधन अवेळीं पेटून ठोके पडूं लागले, तर लोखंड काय किंवा अॅल्युमिनियम काय, कोणताहि धातु फार काळ टिकाव धरीत नाहीं. टर्बो बसविणाऱ्यानें शक्तीचा आंकडा विचारण्यापूर्वीं, इंजिन रोज किती तास व कशा पाण्यावर चालावयाचें आहे, हें मेस्त्र्याला सांगावें. ब्लॉक कोणता घ्यावा, हें ठरतें तें त्या उत्तरावरून.