पुसट रेघेची साक्ष

चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीतल्या पत्र्याच्या छपरावरून गळणाऱ्या पागोळ्यांचा फोटो दोन तऱ्हांनी काढता येतो. शटर सेकंदाच्या 8000व्या भागापुरते उघडले, तर थेंब हवेतच थबकलेला दिसतो. तेच 15व्या भागापुरते उघडे ठेवले, तर थेंब हरवतो आणि उरते एक चकाकती, पुसट रेघ. पहिल्या फोटोला आपण शास्त्रीय म्हणतो. दुसऱ्याला हौशी कलाकारी, फार तर इम्प्रेशनिस्ट वळणाची. ही प्रतवारी मान्य करण्याजोगी नाही, कारण थेंब पडताना काय करत असतो हे पुसट फोटोच अधिक सांगतो.

चांदीचा बारीक तुकडा आचेवर वितळला की आपोआप गोल रवा होतो, हे हुपरीच्या कारागिरांना सांगायला नको. ते काम पृष्ठताणाचे, आणि वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे बारा पट. पागोळीच्या थेंबालाही हाच ताण गोल करू पाहतो. पण पत्र्याची कड सोडताना बसलेल्या हिसक्याने थेंब कधी लांबट, कधी चपटा असे हेलकावे घेत खाली येतो. 5 मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 30 हेलकावे घेतो, 2 मिलिमीटरचा सुमारे 120. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1879 सालीच मांडले. कडेपासून मीटरभर खाली थेंबाचा वेग सेकंदाला 4.4 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाच्या 15व्या भागात तो जवळपास 29 सेंटिमीटरची रेघ ओढतो, आणि तेवढ्यात मोठ्या थेंबाचे दोन, तर छोट्याचे आठ हेलकावे होतात. आकार बदलला की प्रकाश परतवण्याची तऱ्हा बदलते, म्हणून रेघ एकसारखी न उमटता उजळ-मंद होत जाते. रेघेच्या लांबीवरून वेग काढता येतो आणि उजळ-मंद पट्ट्यांवरून थेंबाच्या आकारमानाचा अंदाज बांधता येतो. थबकलेल्या थेंबाच्या एकाच फोटोत यातला वेग कुठून मिळणार?

यावर कुणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांचा दाखला देईल, आणि तो वजनदार आहे. ठिणगीच्या उजेडात क्षणभर दिसलेले थेंबांचे शिंतोडे ते हाताने रेखाटत, अगदी सुबक आणि समतोल. 1894 साली त्यांनी फोटो घेतले, तेव्हा खरे शिंतोडे वेडेवाकडे निघाले. त्या क्षणाचा आकार हवा असेल तर लख्ख फोटोला तोड नाही, हे कबूल. पण तिथे खोटी ठरली ती मनाने केलेली दुरुस्ती. पुसट फोटोत अशी दुरुस्ती नसते. शटर उघडे असताना आलेला सगळा प्रकाश त्यात जसाच्या तसा साठतो. कोटितीर्थ तलावाच्या पाण्यावरचा उजेड रंगवणारे कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि कॅमेरा यांच्यात फरक आहे तो इथेच: चित्रकार निवड करतो, शटर करत नाही. मग प्रत्येक हललेला फोटो विज्ञान ठरेल काय, हा दुसरा आक्षेप. मुळीच नाही. शटर किती वेळ उघडे होते आणि चित्रातल्या एका सेंटिमीटरला प्रत्यक्षात किती लांबी, हे ठाऊक नसेल तर ती रेघ फक्त देखणी. तेव्हा यंदाच्या पावसात मोबाइलच्या प्रो मोडवर पागोळ्या टिपाल, तर मागे काळे कापड धरा, थेंबाच्या वाटेशेजारी फूटपट्टी उभी करा आणि शटरचा आकडा लिहून ठेवा.