मूल ‘ढ’ नसते, त्याचे वाचन अडलेले असते

“डॉक्टरसाहेब, पोरगं बोलायला चुणचुणीत आहे, बाजारातला हिशेब तोंडी करतं, पण पुस्तक हाती दिलं की जांभया देतं. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या!” सहावी-सातवीतल्या मुलांचे आईवडील हे गाऱ्हाणे घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. सहामाहीचे निकाल लागले की अशांची संख्या वाढते. टॉनिकने वाचन सुधारत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. परंतु अशा मुलासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे त्याच्या हक्काचे आहे. आजचा लेख त्याविषयी.

सहावी ते आठवी हीच वर्षे का?

खालच्या वर्गात कविता, पाढे, धडे पाठ करून निभावते. बहुतेक विषय एकच गुरुजी शिकवतात, ते मुलाला ओळखून असतात. पुढे मोठ्या शाळेत प्रत्येक विषयाला वेगळे सर येतात. विज्ञान, इतिहास स्वतः वाचून समजून घ्यावे लागतात, फळ्यावरचे भराभर उतरवावे लागते. पाठांतराने झाकलेली अडचण येथे उघडी पडते. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. तीत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात ठेवले जाते. म्हणून अडचणीचा शोध आठवीच्या आत लागणे महत्त्वाचे.

हा विकार कोणता?

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, नजर आणि कान ठीक, शाळाही नियमित. तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य काही केल्या वयाप्रमाणे येत नाही, याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि गणिताची डिसकॅल्क्युलिया. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालण्याची मेंदूची पद्धत या मुलांत वेगळी असते. दोष आळसाचा नाही आणि आईवडिलांच्या वळणाचाही नाही. पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. शाळकरी मुलांत शंभरामागे 5 ते 15 जणांना तो कमी-अधिक प्रमाणात असतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन तरी अशी असणारच.

लक्षणे अशी: घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, जोडाक्षरावर अडखळणे, वेलांटी-उकार गाळणे, ओळ सुटणे, ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहिणे, तोंडी उत्तर अचूक, पण कागद कोरा. एखादी चूक कोणाचीही होते. सहावीनंतरही त्याच चुका रोज होत असतील तर मात्र दखल घ्यावी.

येथे एक इशारा देतो. आपल्या वऱ्हाडात ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. मुलाने तसे लिहिले तर तो बोलीचा परिणाम आहे, विकार नव्हे. घरी उर्दू, कोरकू किंवा बंजारा बोली असलेल्या मुलाला पुस्तकी मराठीला वेळ लागतो, तोही विकार नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडून मागे पडलेले मूलही या व्याख्येत बसत नाही. त्याला बुडालेला अभ्यास भरून द्यावा लागतो.

आधी काय तपासावे?

सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारी मुले वर्षानुवर्षे ‘लक्ष देत नाही’ या सदरात जातात. रक्तक्षय, थायरॉईड, फिट्स, अपुरी झोप, घरातला ताण यांचाही विचार व्हावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत मुले तपासते. ही योजना 2013 साली सुरू झाली असून तिच्या यादीत अध्ययनातील अडचणीही आहेत. पथक शाळेत येईल तेव्हा शंका मोकळेपणाने सांगावी.

शाळेकडून कोणती मदत मिळते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अशी मुले लवकरात लवकर हेरून योग्य उपाय करणे हे शाळांचे कर्तव्य असल्याचे कलम 16 सांगते. तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलताना उपकार मागत आहोत असे समजू नये. समग्र शिक्षा योजनेत गटसाधन केंद्रामार्फत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक काम पाहतात. आपल्या तालुक्यासाठी मूर्तिजापूरच्या गटसाधन केंद्रात चौकशी करावी. अशा मुलाला वेगळ्या शाळेत घालण्याची सहसा गरज नसते. नेहमीच्याच वर्गात पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचे उतरवण्यास जास्त वेळ, तोंडी प्रश्न, सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती नाही आणि आठवड्यातून काही तास उपचारात्मक अध्यापन, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

प्रमाणपत्र आणि सवलती

महाराष्ट्र शासनाने 1996 पासून या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. प्रारंभी त्यांचा लाभ मुख्यतः मुंबईच्या मुलांना झाला. आता दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे आपल्यासाठी अकोल्याला, सरकारी वैद्यकीय मंडळापुढे होते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून निर्णय करतात. बुद्ध्यंक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या एका फेरीत आटोपतीलच असे नाही. जाताना मुलाच्या वह्या, प्रगतिपत्रके आणि शाळेचे पत्र सोबत न्यावे.

दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक ठरल्यास वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणिताची अडचण असल्यास कॅल्क्युलेटर अशा सवलती गरजेनुसार मिळू शकतात. पुष्कळ पालक दहावीचा अर्ज भरताना धावपळ करतात. सातवीतच सुरुवात केली तर मुलाला लेखनिकासोबत पेपर सोडवण्याचा सरावही होतो.

“असा कागद केला तर पोरीच्या लग्नात आडवा येईल,” अशी भीती पालक मला बोलून दाखवतात. वारंवार नापास होऊन नववीत सुटलेली शाळा तिच्या आयुष्यात कितीतरी जास्त आडवी येते, एवढेच मी म्हणेन. शिवाय हा कागद कोणी दारावर लावत नाही. नेहमीची शाळा झेपलीच नाही, तर वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी सोयीनुसार एकेक विषय करून देता येते.

घरी काय करावे?

रोज वीस मिनिटे पुरेत, पण खाडा नको. धडा आधी घरच्या कोणी वाचून दाखवावा, मग दोघांनी मिळून वाचावा, शेवटी मुलाने एकट्याने. ओळीखाली पट्टी धरावी. शब्द तोडून, टाळी वाजवून म्हणावा: ख-टा-रा. आईला वाचता येत नसेल तर मुलाने धडा तिला सांगावा, तिने प्रश्न विचारावेत. भावंडांशी तुलना आणि मारझोड पूर्ण बंद करावी. मार खाऊन अक्षर ओळखू येत नाही, फक्त शाळेची धास्ती बसते. चित्र, कबड्डी, यंत्रदुरुस्ती, जे काही मुलाला छान जमते ते शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये. त्याचा स्वतःवरचा विश्वास त्यावरच टिकून असतो.

संत गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी गेले. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शिकवा, असे जन्मभर सांगत फिरला. त्या सांगण्यात वाचताना अडखळणारे लेकरूही येते. तेव्हा पालकहो, या आठवड्यात मुलाच्या चार वह्या शांतपणे चाळा. एकाच जातीच्या चुका दिसल्या तर रागावू नका. आधी त्याचे डोळे-कान तपासून घ्या, मग वह्या घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.