एक थंडी, दोन न्याय

टेक्सासच्या ईशान्य भागातल्या लेक फोर्क आणि लेक ओ' द पाइन्स या दोन जलाशयांवर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत क्रॅपी माशासाठी एक वेगळाच नियम असतो. एरवी राज्यात साधारणपणे क्रॅपी १० इंचांचा भरला तरच ठेवता येतो, त्याहून लहान निघाला तर पाण्यात परत सोडावा लागतो. या तीन महिन्यांत मात्र या दोन ठिकाणी लांबीची अट उठते आणि गळाला लागलेला प्रत्येक क्रॅपी, मग तो बोटभर का असेना, ठेवावाच लागतो. तो सोडायची परवानगी नसते. दिवसाचे २५ मासे भरले की गळ गुंडाळायचा. आपल्या कोकणात गरवायला गेलेला माणूस मासा सोडतच नाही, त्यामुळे त्याला यात नवल वाटणार नाही. पण अमेरिकेत हौशी मासेमारांच्या दोन पिढ्या ‘पकडा आणि सोडा’ या मंत्रावर वाढल्या आहेत. रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये बास माशांच्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची चळवळ सुरू केली आणि पाहता पाहता सोडणारा तो सज्जन, ठेवणारा तो हावरा अशी समजूत रुजली. अशा देशात सरकारच मासा सोडायला मनाई करतं, तेव्हा त्यामागे काहीतरी भक्कम कारण असलं पाहिजे. ते कारण समजून घेतलं की हिवाळ्यातल्या मासेमारीचं सगळं नीतिशास्त्र त्याच्याभोवती उभं राहतं. मासा सोडणं ही दया आहे की नाही, हे सोडणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही. ते माशाची शरीररचना, तो किती खोलवरून आला आणि पाणी किती गार होतं यावरून ठरतं. क्रॅपी आणि स्ट्रायपर, म्हणजे पट्टेरी बास, हे दोन मासे शेजारी ठेवून पाहिले तर हे लख्ख दिसतं. थंडी एकच असते, पण ती एकाला सोडून देणं सोपं करते आणि दुसऱ्याला सोडून देणं जवळजवळ निरर्थक.

यातला स्ट्रायपर हा मुळात तळ्याचा मासाच नव्हे. तो अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा. वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो, आपल्याकडच्या पाल्यासारखा. साउथ कॅरोलिनात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी आणि कूपर नद्यांवरचे बांध पुरे झाले, तेव्हा काही स्ट्रायपर बांधाच्या वरच्या बाजूला राहून गेले. समुद्राचा रस्ता तुटल्यावर ते मरून जातील अशी अपेक्षा होती. उलट ते गोड्या पाण्यातच वाढले आणि वरच्या नदीत जाऊन अंडीही घालू लागले. हे ध्यानात आल्यावर १९६० च्या दशकात तिथेच संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन मादीकडून अंडी घेण्याची पद्धत बसवली गेली. भारतात हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी कार्प माशांवर जे साधलं, आणि ज्याच्या स्मरणार्थ आपण त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन पाळतो, त्याच जातीचं हे काम. त्या मत्स्यबीजातून दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कित्येक जलाशयांत स्ट्रायपर गेला. बहुतेक ठिकाणी तो तिथे पुन्हा जन्म घेत नाही, कारण त्याची अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असतात आणि साधारण दोन दिवस वाहत्या पाण्याने तरंगत राहिली तरच फुटतात. थांबलेल्या पाण्यात ती तळाच्या गाळात बसतात आणि गुदमरतात. म्हणून दरवर्षी नवं बीज सोडावं लागतं. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरचा लेक टेक्सोमा हा मोजक्या अपवादांपैकी एक. रेड नदीवरचं डेनिसन धरण १९४४ मध्ये झालं, जलाशय सुमारे ३६,००० हेक्टरांचा. १९६५ पासून काही वर्षं तिथे स्ट्रायपर सोडले, आणि रेड व वॉशिटा या दोन्ही नद्यांचे वरचे लांब प्रवाह मोकळे असल्यामुळे त्यांची स्वतःची वीण सुरू झाली. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे तळं गाडीने दीड तासाच्या आत आहे. तिथे पोहोचल्यावर जे दिसतं ते समुद्री माशाचं स्थिरावलेलं गोड्या पाण्यातलं घर आहे, एवढं माहीत असलेलं बरं.

उन्हाळ्यात या घरात त्याची कोंडी होते. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार राहतं, आणि दोन्हींची सरमिसळ थांबते. खालच्या थरातला प्राणवायू सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यात खर्ची पडतो आणि वरून नवा येत नाही. मोठ्या स्ट्रायपरला साधारण २५ अंशांपेक्षा गरम पाणी सोसत नाही आणि प्राणवायू नसलेल्या गार पाण्यात जगता येत नाही, म्हणून तो मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडला जातो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले चार्ल्स कूटंट यांनी १९८५ मध्ये ही कोंडी नीट मांडली, तेव्हापासून उन्हाळ्यातल्या मोठ्या माशांच्या मरतुकीचा उलगडा होऊ लागला. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन जड झालं की ते खाली उतरतं आणि सगळं तळं ढवळलं जातं. त्यातून गार पाण्यात प्राणवायू विरघळतोही जास्त : ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, १० अंशांच्या पाण्यात अकराहून अधिक. हिवाळ्यात मग स्ट्रायपरला तळ्याचं सगळं अंगण मोकळं. तो शॅडच्या थव्यांमागे धावतो. शॅड म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्या गोतातला छोटा चंदेरी मासा, जो स्वतः थंडीला फार हळवा असतो. त्याची थ्रेडफिन जात पाणी सहा-सात अंशांच्या आसपास आलं की मरगळून मरायला लागते. स्ट्रायपर खालून त्याला वर रेटतो आणि वरून सीगल झेपावतात. म्हणून टेक्सोमावर जानेवारीत मासे शोधणारा माणूस आधी आभाळाकडे पाहतो.

क्रॅपीचं अगदी उलट. तो सनफिश कुळातला, वीतभर लांब, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला मासा. बरेच जण त्याचा उच्चार ‘क्रॉपी’ असा करतात आणि लुइझियानाचे फ्रेंच वळणाचे लोक त्याला दुधाची पिशवी म्हणतात, इतकं त्याचं मांस पांढरं आणि मऊ. हिवाळ्यात तो धावत नाही. पाण्यात बुडालेली झाडं, पुलाचे खांब, मासेमारांनीच मुद्दाम बुडवलेले झुडपांचे ढीग अशा आडोशाला सात, आठ, कधी बारा मीटर खोल थव्याने लटकून राहतो. त्याचं रक्त पाण्याइतकंच गार, पचन मंद, भूक बेताची. दोनेक ग्रॅमचा जिग, म्हणजे वजन लावलेलं बनावट आमिष, किंवा मिन्नो ही जिवंत मासोळी त्याच्या अगदी तोंडाशी, किंचित वर, जवळजवळ न हलवता धरावा लागतो. त्याचा दंश हाताला बसणारा हिसका नसतो, दोरी नुसती सैल पडते. या मासेमारीला लागणारी स्थिरता मला फार मोलाची वाटते. पण तिच्याच पोटात तो प्रश्न आहे ज्यासाठी लेक फोर्कचा नियम झाला.

माशाच्या पोटात वाताशय असतो, हवेची पिशवी. घोळ माशाचा बोत लाखांनी विकला गेल्याच्या बातम्यांमुळे ती आता सगळ्यांनाच माहीत झाली आहे. तिच्यातली हवा कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर तरंगतो. आपल्या रोहू, कटला, महसीर यांच्या वाताशयाला घशाकडे उघडणारी नळी असते. झपाट्याने वर आले तर ते हवा तोंडावाटे सोडून देऊ शकतात. क्रॅपीला ही नळी नाही. त्याची हवा रक्तावाटेच शोषली जाते आणि त्याला तास लागतात. दहा मीटर खोलीवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून अर्ध्या मिनिटात वर ओढलेल्या माशाच्या वाताशयातली हवा दुप्पट जागा मागते. पिशवी फाटते किंवा इतर अवयवांवर दाबली जाते, जठर उलटं होऊन तोंडात येतं, डोळे बाहेर येतात. असा मासा सोडला तर बरेचदा पोट वर करून तरंगत राहतो आणि बगळ्याच्या किंवा सीगलच्या वाट्याला जातो. काही मासे शेपूट हलवत खाली जातातही, आणि सोडणारा समाधानाने पाहत राहतो. आतल्या इजेने ते मासे नंतर मेले तर ते कुणालाच दिसत नाही. लेक फोर्कचा नियम नेमका या न दिसणाऱ्या मरणाचा हिशेब मागतो. नऊ इंचांचा क्रॅपी सोडून दहा इंचांचा मिळेपर्यंत गळ टाकत राहणारा माणूस कागदावर २५ मासे घेऊन घरी जातो. प्रत्यक्षात त्याने किती मारले हे त्यालाही ठाऊक नसतं. लहान-मोठा प्रत्येक मासा मोजला तर पंचविसाव्याला हात थांबतो.

यावर आक्षेप येतो की लहान मासे मारले तर उद्याची वीण कुठून येणार? चिंता रास्त आहे, पण क्रॅपीच्या बाबतीत ती चुकीच्या जागी आहे. त्याचं आयुष्य थोडकं, बहुतेक मासे काही वर्षांतच संपतात, आणि एक मादी हजारोंनी अंडी घालते. पुढची पिढी किती येणार हे मुख्यतः वसंतातल्या पाण्याच्या पातळीवर आणि पिल्लांना मिळणाऱ्या खाद्यावर ठरतं. म्हणून त्याची संख्या एका वर्षी उसळते, पुढच्या वर्षी ओसरते. शिवाय खोलवरून आलेला नऊ इंची मासा सोडून वाचणार असता तर त्याच्या बाजूने बोलता आलं असतं. मरणारा मासा पाण्यात टाकल्याने वीण वाढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सुईने वाताशयातली हवा काढता येते, किंवा वजनाला अडकवून मासा पुन्हा खोल नेता येतो, मग ते का करू नये? मेक्सिकोच्या आखातात, आपल्या तांबोशीच्या जातकुळीतल्या रेड स्नॅपरसारख्या माशांसाठी अशी साधनं होडीवर बाळगणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं आणि ते योग्यच होतं. पण मोठ्या, दीर्घायुषी माशाला जे लागू पडतं ते एका बैठकीत एकामागून एक वर येणाऱ्या वीतभर क्रॅपीला पडत नाही. अनभ्यस्त हातातली सुई वाताशयाऐवजी दुसऱ्याच अवयवात घुसण्याची भीती असते. ज्याला मासा ठेवायचा नाही, त्याने हिवाळ्यात खोल पाण्यात क्रॅपीसाठी गळ टाकू नये, हे मला सरळ वाटतं.

स्ट्रायपरलाही वाताशयाची नळी नाही, आणि म्हणून बारा मीटरवरून ओढलेल्या स्ट्रायपरबद्दलही हीच काळजी घ्यायला हवी. पण हिवाळ्यात तो बरेचदा शॅडमागे पाण्याच्या वरच्या थरात असतो, आणि त्याच्या जिवाला सगळ्यांत मोठा धोका गळाशी झुंजून दमल्यावर पाणी गरम असण्याचा आहे. दमलेल्या माशाला प्राणवायू हवा असतो, आणि तो त्याला उन्हाळ्यातच मिळत नाही. हा केवळ तर्क नाही. अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्रायपरचा साठा इतका घसरला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. आणि पुढे साठा पुन्हा खालावल्यावर केलेल्या मोजणीत असं निघालं की २०१७ साली माणसांमुळे मेलेल्या स्ट्रायपरपैकी जवळपास निम्मे हौशी लोकांनी सोडून दिलेले होते. सोडलेल्यांपैकी शंभरात नऊच मरतात असं धरूनही ही संख्या येते, कारण सोडणारेच अफाट. म्हणून चेसापीक उपसागरात मेरीलँडने ऐन उन्हाळ्यात, पाणी सर्वांत तापलेलं असताना, स्ट्रायपरच्या मागे लागणंच बंद केलं, आणि २०२१ पासून किनाऱ्यावरच्या राज्यांत खऱ्या आमिषासोबत वर्तुळाकार गळ सक्तीचा झाला. तो घशात न रुतता ओठाच्या कडेला अडकतो. टेक्सोमावरचा नियमही याच शहाणपणातून आला आहे. दिवसाला १० स्ट्रायपर, त्यांतले २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. आणि एकदा होडीतल्या टाकीत टाकलेला मासा तुमच्या दहांत मोजला गेला. मोठा मिळाल्यावर लहान काढून सोडता येत नाही. सोडायचा तर लगेच, पाण्याबाहेर कमीत कमी काळ, आणि हात गार पाण्याने ओले करून. जानेवारीच्या पाण्यात असा सोडलेला स्ट्रायपर जगण्याची आशा चांगली असते.

एक बाब मला खरोखर अस्वस्थ करते. अलीकडच्या वर्षांत समोर पाहणारं सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, होडीवर आलं : पडद्यावर झुडपाच्या ढिगातला एकेक क्रॅपी हलताना दिसतो, आपला जिग त्याच्या नाकाशी जाताना दिसतो. पूर्वी थंडीत क्रॅपी शोधायला वर्षानुवर्षांचा अंदाज लागे. आता पहिल्या दिवशीही थवा सापडतो. काही जण या यंत्रावर बंदी मागतात, पण मला ती नेमक्या ठिकाणी बसत नाही असं वाटतं. यंत्राने शोधलेला मासा आणि अंदाजाने शोधलेला मासा दहा मीटरवरून सारखाच फाटतो. पडद्यावर मोठा निवडून त्यालाच जिग दाखवता आला, तर उलट लहान मासे विनाकारण वर येणं टळू शकतं. यंत्र घातक होतं ते जिथे लहान मासे सोडायची मुभा आहे आणि मोजणी ढिली आहे तिथे, कारण तिथे ते त्या न दिसणाऱ्या मरणाचा वेग वाढवतं. म्हणून यंत्र काढून घेण्याआधी, इतर खोल जलाशयांवरही लेक फोर्कचा हिवाळी नियम लावून पाहायला हवा.

मार्च उजाडतो तसं वरचं पाणी पंधरा-सोळा अंशांकडे सरकू लागतं आणि क्रॅपी आडोसे सोडून काठाच्या गवताळ उथळात येतात. नर तळाशी खळगा साफ करतो आणि अंड्यांची राखण करत तिथेच घुटमळतो. मीटर-दीड मीटरवरून उचललेल्या माशाचा वाताशय फारसा ताणला जात नाही, तो सोडला तर सरळ आपल्या खळग्यावर परततो. लेक फोर्कवर १ मार्चपासून १० इंचांची पट्टी पुन्हा होडीत येते. त्याच सुमाराला टेक्सोमाचे स्ट्रायपर रेड आणि वॉशिटाच्या मुखांकडे जमू लागतात, आणि वसंत चढला की वाहत्या पाण्याच्या शोधात वर निघतात.